दोडक्याच्या बाजूने

'तेलकट, तिखट, मसालेदार बंद' हे पथ्य नांदेड-लातूरकडच्या दवाखान्यांत एका दमात सांगितलं जातं आणि ऐकणाराही ते तसंच घरी घेऊन येतो. दुसऱ्या दिवसापासून ताटात पाण्यात शिजवलेला दुधी पडतो, आणि आठवड्याभरात पथ्य मोडतं. जास्त तेल वाईट, हे आता कुणाला सांगायला नको. फेब्रुवारी 2025 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही तेल 10 टक्क्यांनी कमी करा म्हणून सांगितलं. खटकतं ते एवढंच, की तीन वेगळे आरोपी एकाच दोरीला बांधले जातात. पित्ताचा त्रास असणाऱ्याने तिखट टाळावं, हे मान्य. पण जिरं, हिंग, धने, हळद यांनी कुणाचं घोडं मारलं? तेलाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी असतात. चिमूटभर जिऱ्यात धरण्यासारखं काही नसतं. भाजी जड होते ती तेलाने.

अर्धापूरच्या परिसरात तर ही गल्लत जास्तच बोचते. केळीच्या जोडीने इथे हळद पिकते. पलीकडच्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आता हळदीचा रंग काय किंवा मिरचीचा झणका काय, दोन्ही पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणजे बिनतेलाची भाजी करणं म्हणजे मसाला वाया घालवणं. पहिला चमचा तेल हवंच. जाब विचारायचा तो तिसऱ्या-चौथ्या चमच्याला. दोडका घ्या. चमचाभर तेलात मोहरी तडतडली की जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हळद, आणि लगेच फोडी. मीठ सुरुवातीलाच, म्हणजे दोडका स्वतःचं पाणी सोडतो. तिखट फोडींवर टाकायचं. तापल्या तेलात ते जळून कडू होतं. वर खोलगट झाकण आणि त्या झाकणात पाणी. गार झाकणाला लागलेली वाफ पुन्हा खाली ठिबकते, भाजी करपत नाही, आणि ओलावा कमी पडलाच तर झाकणातलं गरम पाणी हाताशी असतं. जे काम एरवी तेलाची धार करते, ते इथे वाफ करते. काढलेल्या शिरांची तिळाबरोबर चटणी होते, ती वेगळीच.

यावर तर्रीवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं: वर तवंग नाही ती भाजी कसली, आणि पाहुण्याला ती वाढायची कशी? पाहुण्याचा मुद्दा सोडून देऊ, तो रोज येत नाही. त्यांच्यापेक्षा फसवे ते, जे तेल कमी केल्याचं सांगतात आणि दाण्याचा कूट वाढवतात. शेंगदाण्यात वजनाने जवळपास निम्मं तेल असतं. 20 ग्रॅम कूट घातला की 9-10 ग्रॅम तेल गुपचूप भाजीत गेलंच. दाटपणाच हवा असेल तर मराठवाड्यात येसर आहे. भाजलेल्या धान्याडाळींचं ते मसालेदार पीठ आमटीला अंग देतं आणि तवंगही मागत नाही. आणि तेल तरी कुठलं? या भागाचं तेल करडईचं. काटेरी पीक काढायला मजूर मिळेना, तशी करडई मागे पडत गेली. आज देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. सढळ हाताची परंपरा सांगणाऱ्यांनी पिशवीवरचं नाव एकदा वाचावं.

तर्रीवाल्यांच्या एका मुद्द्याला मात्र बगल देता येत नाही. सकाळचा दोडका संध्याकाळी खाववत नाही. त्याला पाणी सुटतं, चव उतरते. हळद काढणीच्या दिवसांत पहाटे डबा बांधून रानात जाणाऱ्या बाईला दुपारपर्यंत तग धरणारी भाजी लागते, आणि तिथे जास्तीचं तेल चैनीचं नसतं, सोयीचं असतं. हलक्या भाजीची खरी अट ताजेपणाची आहे, म्हणजे जेवणाच्या वेळी चुलीपाशी कुणीतरी असण्याची. तेल वाचतं, वेळ वाचत नाही. तेव्हा भांडण मसाला की तेल एवढ्यावर मिटत नाही. 'तेल कमी' असं चिठ्ठीवर एका माणसासाठी लिहिलं जातं आणि दोन वेळचा वाढीव स्वयंपाक दुसऱ्याच्या, बहुतेक करून बाईच्या, माथी बसतो. हा हिशेब पथ्य सांगणारा करत नाही आणि पाळणाराही करत नाही. ज्याच्या नावाची चिठ्ठी असेल त्यानेच दोडक्याच्या शिरा काढायला बसावं. भाजी अर्ध्या तासात होते.