लासलगावहून दिसणारा ढाका

५ ऑगस्ट २०२४ रोजी विद्यार्थ्यांच्या आंदोलनापुढे बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना ढाका सोडून भारतात आल्या आणि पुढचे कित्येक दिवस मराठी चर्चांमध्ये एकच प्रश्न फिरत राहिला: यामागे हात कुणाचा? कुणी अमेरिकेचं नाव घेतलं, कुणी पाकिस्तानचं, कुणी चीनचं. नाशिक जिल्ह्याची काळजी जास्त नेमकी होती. बांगलादेश हा इथल्या कांद्याचा मोठा ग्राहक, आणि मालाचे ट्रक सीमेवर थांबलेले. म्हणजे चर्चा झाली ती सत्तेची, सीमेची आणि मालाची. ज्या मुलांनी सरकार उलथवलं ती कोण होती, हे विचारण्याची गरज फारशी कुणाला वाटली नाही.

त्याचं उत्तर लपलेलं नव्हतं. सरकारी नोकऱ्यांतल्या ३० टक्के जागा १९७१ च्या मुक्तियोद्ध्यांच्या वारसांसाठी राखीव होत्या. विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर २०१८ मध्ये ही तरतूद गेली आणि जून २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानं ती परत आली. १४ जुलैला हसीनांनी पत्रकारांसमोर रझाकारांच्या, म्हणजे १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याला साथ देणाऱ्यांच्या, नातवंडांचा उल्लेख केला. त्या रात्री ढाका विद्यापीठातल्या मुलामुलींनी तीच शिवी स्वतःला लावून घोषणा दिल्या. ज्या देशाचा जन्मच रझाकारांविरुद्धच्या लढ्यातून झाला, तिथे पन्नास वर्षांनी तरुण असं का करतात? १९५२ चं भाषा आंदोलन, १९७१, मुक्तियुद्धाच्या स्मृतीवर एका पक्षानं सांगितलेली मालकी, आणि विरोधकांनी बहिष्कार टाकलेली जानेवारी २०२४ ची निवडणूक, एवढं ठाऊक असेल तरच या प्रश्नाला हात घालता येतो. परकीय हाताच्या सिद्धान्ताला यातलं काहीच लागत नाही. म्हणूनच तो इतका सोयीचा आहे.

या सोयीला एक प्रतिष्ठित तत्त्वज्ञानही मिळालं आहे. देशांना मित्र नसतात, हितसंबंध असतात. भूगोल, लष्कर आणि व्यापार यांचं गणित मांडलं की देशाचं वागणं कळतं. मग तिथला इतिहास, भाषा, विद्यापीठं, पक्षांतली भांडणं यांत कशाला शिरायचं? हे मत टीव्हीच्या स्टुडिओपुरतं मर्यादित नाही. स्पर्धा परीक्षेच्या वर्गांत आणि राज्यशास्त्राच्या विभागांतही ते जाणतेपणाचं लक्षण मानलं जातं. त्यामुळे त्याचा समाचार नीट घेतला पाहिजे, आणि तो घ्यायला कांद्याची बाजारपेठ असलेल्या लासलगावइतकी चांगली जागा नाही.

भारतानं सप्टेंबर २०१९ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा केली, डिसेंबर २०२३ मध्ये तिसऱ्यांदा. ‘भारताच्या राष्ट्रीय हितासाठी’ बंदी आली, असं लासलगावच्या बाजार समितीत सांगून पाहावं. एकही शेतकरी ते ऐकून घेणार नाही. त्याला माहीत असतं की शहरी ग्राहकाचा रोष आणि निवडणुकांचं वेळापत्रक यांच्या रेट्यात कांदा भरडला जातो. ही तिसरी बंदी मे २०२४ मध्ये, मतदानाच्या तोंडावर उठली. तरीही नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी मतदारसंघात केंद्रात मंत्री असलेल्या उमेदवाराचा पराभव झाला. स्वतःच्या देशाकडे पाहताना हा शेतकरी कुठल्याही प्राध्यापकापेक्षा बारकाईनं पाहतो: ‘भारत’ नावाचा एकसंध माणूस निर्णय घेत नाही, देशाच्या आत अनेक जण भांडतात आणि त्यातून निर्णय बाहेर पडतो. मग ढाक्याबद्दल बोलताना तोच ‘बांगलादेशनं ठरवलं’, ‘बांगलादेशला धडा शिकवला पाहिजे’ हे का मान्य करतो? कारण त्याला दुसरं काही कुणी सांगितलेलंच नाही. आपल्या देशाला अंतरंग आहे आणि दुसऱ्याला फक्त सीमा आहे, ही समजूत हितसंबंधवाल्यांनी पुरवलेली आहे.

ढाक्यालाही अंतरंग आहे, आणि ते कांद्यातसुद्धा दिसतं. २०१९ च्या बंदीनंतर तिथे कांदा किलोला २०० टाकांच्या वर गेला, विमानानं आणावा लागला. पण त्याच देशात पाबना आणि फरीदपूरचे कांदा उत्पादकही आहेत. त्यांचं पीक बाजारात आलं की तिथलं कृषी खातं आयातीचे परवाने रोखतं. २०२३ च्या उन्हाळ्यात तसंच झालं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ ‘मागणी घटली’ एवढाच लागतो. तिकडे मात्र तो पाबन्याच्या शेतकऱ्याचा आणि ढाक्याच्या ग्राहकाचा झगडा असतो, म्हणजे निफाड आणि मुंबई यांच्यातल्यासारखाच. ‘भारत–बांगलादेश संबंध’ या मथळ्याखाली हा झगडा कधीच येत नाही, कारण तो दोन देशांमधला नाहीच.

हितसंबंधांचा विचार निरुपयोगी आहे, असं कुणी म्हणणार नाही. नद्या, बंदरं, सैन्य यांचं वजन असतंच. पण काय बदलत नाही, एवढंच तो सांगतो. जुलै २०२४ मध्ये ढाक्याचा भूगोल बदललेला नव्हता.

एखाद्या प्रदेशाचा असा आतून अभ्यास करण्यावरचे बाकीचे आक्षेप किरकोळ आहेत. प्रदेशांचा अभ्यास ही शीतयुद्धातली अमेरिकी सोय होती, हे खरं असलं तरी त्यामुळे अभ्यास खोटा ठरत नाही. नोकऱ्या नाहीत, हा आक्षेप इतिहासाच्या प्रत्येक शाखेला लागू आहे. भाषांतर यंत्र करील म्हणणाऱ्यांनी आधी काय वाचायचं ते ठरवावं.

भारतात अशा प्रदेश-अभ्यासाची सुरुवात वाईट नव्हती. दिल्ली विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाचा विभाग १९५५ मध्ये निघाला, त्याच वर्षी दिल्लीत इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झालं. मुंबई विद्यापीठातलं आफ्रिका अभ्यास केंद्र १९७१ चं. पण बहुसंख्य विद्यार्थ्यांपर्यंत जग पोहोचतं ते संबंधांच्या यादीतून. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत जगाचा इतिहास एका पेपरात आणि भारताचे शेजाऱ्यांशी संबंध दुसऱ्यात. शेजाऱ्यांचा स्वतःचा इतिहास या दोन पेपरांच्या मधल्या फटीत पडतो.

भेद इथेच आहे, आणि तो बारीक वाटला तरी सगळं त्यावर अवलंबून आहे. प्रदेशाशी असलेल्या आपल्या संबंधांचा अभ्यास वेगळा, आणि प्रदेशाचा अभ्यास वेगळा. पहिल्यात प्रश्न इथून निघतो, दुसऱ्यात तिथून. अमेरिकी अभ्यासक एलिनॉर झेलियट महाराष्ट्रात आल्या त्या अमेरिका–महाराष्ट्र संबंध शोधायला नव्हे; त्यांना आंबेडकरी चळवळ समजून घ्यायची होती. हायडेलबर्गच्या गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या आणि खंडोबाच्या परंपरांमागे आयुष्य घातलं. त्यांच्या कामात जर्मनीचं हित शोधून सापडणार नाही. त्यांनी विचारलेले प्रश्न मराठी समाजालाही उपयोगी पडले, ते त्यामुळेच.

नाशिकला तर या भेदाचं स्वतःचं उदाहरण आहे. शरणपूर रोडचं नाव ज्या वसाहतीवरून आलं, तिथे १८६० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या शाळेत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकत होती. त्यांतला जेकब वेनराइट आफ्रिकेतले मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूच्या वेळी त्यांच्या तांड्यात होता. १८७३-७४ मध्ये सोबत्यांसह त्यानं त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत पोहोचवला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत खांदेकऱ्यांमध्ये तो होता. ही गोष्ट नाशिकचा अभिमान म्हणून कधीमधी सांगितली जाते आणि तिथेच संपवली जाते. पण शरणपूरचाच विल्यम जोन्स १८६४ पासून मोंबासाजवळच्या राबाई इथे काम करत होता. पुढे त्याच्या वस्तीत मालकांकडून पळालेले गुलाम आश्रयाला येऊ लागले. मालक चिडले, आणि अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीला मोबदला मोजून ते प्रकरण मिटवावं लागलं. नाशिकमध्ये वाढलेले हे लोक स्वतःच्या खंडात परतले तेव्हा तिथल्यांना परके वाटत होते. भारत–आफ्रिका संबंधांच्या चौकटीत ही कथा मुंबई बंदरात थांबते. तिचा मोठा भाग राबाईत घडला, आणि तो समजायला किनाऱ्यावरची गुलामगिरी, झांझिबारच्या सुलतानाची सत्ता आणि स्वाहिली भाषा यांची ओळख लागते.

नाशिकमध्ये १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, आणि दूरवरच्या, नोकरी-शेती सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचणं हेच त्याचं काम आहे. बांगलादेशच्या इतिहास-राजकारणाचा एक अभ्यासक्रम त्यानं मराठीतून चालवावा आणि पहिल्या सत्रापासून बांगला शिकवावी. संबंधांचा पेपर शेवटच्या सत्रात ठेवावा. निफाड-येवल्याच्या पाच-दहा मुलांना ढाक्याचं वर्तमानपत्र स्वतः वाचता आलं, तर पुढच्या वेळी हात कुणाचा हे विचारण्याआधी काय घडलं ते सांगणारं कुणीतरी जिल्ह्यात असेल.