दृष्टीआडची सृष्टि

‘दृष्टीआड सृष्टि’ ही म्हण आपण बहुधा सोयीसाठीं वापरतों. जें दिसत नाहीं त्याचा भार मनावर घेऊं नये, असा तिचा व्यवहारी अर्थ. परंतु जें दिसत नाहीं त्यावरच आपलें जीवन उभें असेल, तर ही म्हण शहाणपणाची म्हणावी कीं कृतघ्नतेची?

पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या जीवांना हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञानें १८८७ सालीं ‘प्लँक्टन’ हें नांव दिलें. मराठींत त्यांस प्लवक म्हणतात. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा सुमारें निम्मा भाग सागरांतील वनस्पति-प्लवकांकडून होतो. त्यांतील करंडक वनस्पति सिलिकेची झांकणदार पेटी करून तींत राहतात. ही सिलिका येते कोठून? जव्हार-मोखाड्याच्या काळ्या खडकावर पाऊस कोसळतो, खडक झिजतो, आणि त्याचा विरघळलेला अंश ओहोळांतून वैतरणेला व वैतरणेंतून अरबी समुद्राला मिळतो. डोंगरचा दगड असा समुद्रांतल्या माशांचें अन्न पोसतो.

हा क्रम आतां बदलत आहे. धरणांच्या संथ पाण्यांत करंडक तेथेंच वाढून तळाशीं बसतात व सिलिकेचा कांहीं अंश समुद्रापर्यंत पोहोंचत नाहीं, असें जगांत अनेक ठिकाणीं आढळलें आहे. उत्तर अरबी समुद्रांत गेल्या कांहीं दशकांत हिवाळ्यांत करंडकांच्या जागीं नॉक्टिल्युका नामक प्लवकाचे हिरवे तवंग पसरूं लागले. याच्या कारणांविषयीं शास्त्रज्ञांत एकमत नाहीं. बदल मात्र निर्विवाद आहे.

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें ऐकला पाहिजे. वैतरणेवर मुंबईसाठीं १९५७ सालीं मोडकसागर झाला, २०१४ सालीं मध्य वैतरणा धरण कार्यान्वित झालें; आणि त्याच मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यांत बायका हंड्याभर पाण्यासाठीं मैलोगणती चालतात, टँकरची वाट पाहतात. त्यांना प्लवकांचें माहात्म्य सांगणें ही क्रूर थट्टा नव्हे काय?

थट्टाच आहे, परंतु प्लवकांचा प्रश्न त्यांना विचारावयाचाच नाहीं. तो नळाची तोटी फिरविणाऱ्या तुम्हां-आम्हांस आहे. प्लवकाला दुःख नाहीं, अपमान नाहीं. त्याच्याविषयीं आपलें कर्तव्य संयमाचें. पाड्यावरच्या बाईला तहान आहे व स्वाभिमानहि आहे. तिच्याविषयींचें कर्तव्य न्यायाचें, आणि तें अगोदरचें. हीं दोन कर्तव्यें एक नव्हेत. मात्र दोहोंचा विसर एकाच संवयींतून पडतो: आपली दृष्टि जेथें संपते तेथें आपलें ऋणहि संपलें, असें मानण्याच्या.

आपल्या पूर्वजांनीं पंचमहायज्ञांत भूतयज्ञ घातला. जेवणापूर्वीं जीवमात्रांसाठीं घांस काढून ठेवावयाचा. तो कोण खाईल, कोण आभार मानील, हें विचारावयाचें नाहीं. आज तेवढ्या घांसानें भागणार नाहीं. ज्या खोऱ्याचें पाणी आपण पितों त्या खोऱ्यांतील माणसांना त्यांतला वाटा प्रथम मिळावा, आणि वापरलेलें पाणी खाडींत सोडण्यापूर्वीं शुद्ध व्हावें, एवढा आग्रह तरी नागरिकानें धरावा. त्यासाठीं खर्च येईल, पाणी महाग होईल, कदाचित् कमीहि मिळेल. तें सोसण्याची आपली तयारी नसेल, तर निदान अज्ञानाची सबब आपण सांगूं नये. पाणी कोठून येतें व कोठें जातें, हें आतां आपल्याला ठाऊक आहे.