वस्तूचे कूळ

माणसाला कूळ विचारू नये, असे आपण आता मुलांना शिकवतो. आणि ते योग्यच आहे. वस्तूला मात्र तिचे कूळ विचारलेच पाहिजे, असा दंडक याच काळात जगभर रूढ झाला. औषधाची डबी कोणत्या कारखान्यात भरली, कोणत्या बॅचची आहे, वाटेत तिने कोणकोणत्या गोदामांत मुक्काम केला, हे सारे तिच्यावरच्या खुणेने सांगावे अशी अपेक्षा असते. या अपेक्षेच्या पोटात नीतीचा एक प्रश्न आहे. वस्तूचा माग लागला म्हणजे तिच्याबद्दल जबाबदार असलेला माणूसही सापडला, असे आपण समजून चालतो. तसे खरोखरच होते का?

मी शहाडला राहते आणि शाळेत शिकवते. बिर्लांचे विठ्ठलमंदिर आणि रेयॉनचा कारखाना एवढीच शहाडची बाहेर ओळख. इथल्या घरांतून कोणी ना कोणी पॅकिंगच्या कामाला जाणारे असते, त्यामुळे ही नवी विद्या मला पुस्तकांपेक्षा पालकांच्या तोंडून अधिक कळली. प्रत्येक डबीला स्वतःचा निराळा क्रमांक असतो. डबी पट्ट्यावरून सरकत असताना यंत्र तो छापते, पुढचा कॅमेरा वाचून पाहतो, आणि वाचता आला नाही तर डबी बाजूला पडते. डब्या खोक्यात गेल्या की त्यांचे क्रमांक खोक्याच्या क्रमांकाला जोडतात, आणि खोकी पॅलेटवर रचली की खोक्यांचे क्रमांक पॅलेटला. या जोडण्याला ‘पेरेंट-चाइल्ड’ म्हणतात. म्हणजे आईची खूण वाचली की पोटातली सारी मुले हजर झाली असे धरायचे. (हजेरी घेण्याची ही रीत शाळेत चालणार नाही. वर्गाचे दार मोजून मुले मोजता येत नाहीत.) काही ठिकाणी रेडिओ लहरींनी बोलणारी चिप असते, खोके न उघडता, न फिरवता तिला दारातूनच विचारता येते. माल बिघडलाच, तर सारा बाजार न थांबवता नेमकी तेवढीच खोकी माघारी बोलावता येतात. हा लाभ लहान नाही. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून मोठ्या खपाच्या ३०० ब्रँडांच्या औषधांवर अशी खूण सक्तीची झाली आहे.

पूर्वी वाणी रद्दीच्या कागदात पुडी बांधून देई. त्या कागदावर असलाच तर कुठल्या तरी जुन्या निवडणुकीचा निकाल असे. पण वाणी कोण, त्याचा बाप कोण, हे साऱ्या आळीला ठाऊक होते. तो वाणी फार सचोटीचा होता असे मुळीच नव्हे. डाळीत खडे तेव्हाही निघत. फरक एवढाच, की खडा दाताखाली आल्यावर भांडायला जायचे कुठे, हे माहीत असे. माल दूरदूरच्या मुलखांतून येऊ लागला, मध्ये दहा हात आले, आणि त्या ओळखीची जागा क्रमांकाने घेतली.

आमच्या शेजारच्या उल्हासनगरला या बाबतीत एक जुनी थट्टा चिकटली आहे. फाळणीनंतर सिंधमधून उखडली गेलेली माणसे कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत येऊन राहिली. १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. पुढे तिथे घरोघरी नाना वस्तू बनू लागल्या, आणि लोक हसून सांगू लागले की तिथल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असे असते, आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! या थट्टेत गिऱ्हाईकाचाही वाटा आहे, हे हसणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. उल्हासनगरची म्हणून सांगितली असती, तर तीच पँट त्याने त्याच किमतीला घेतली असती का? स्वतःचे नाव झाकून दुसऱ्याचे लावणे ही लबाडी खरीच. परंतु ज्याच्या नावाला बाजारात किंमत द्यायची नाही, त्याला ‘नाव सांग’ म्हणून दरडावणे हेही काही मोठे न्यायाचे नाही.

नाव आणि वस्तू यांची फारकत झाली म्हणजे काय होते, ते मुंबईने १९८६ साली पाहिले. डोक्यातला किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून जे. जे. रुग्णालयात रोग्यांना ग्लिसरीन पाजत. त्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत ते प्यालेल्या रोग्यांची मूत्रपिंडे बंद पडू लागली. चौदा माणसे दगावली. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. कारखान्यात वापरायचा माल औषधी म्हणून रुग्णालयाच्या दारापर्यंत आला होता. तो कोणाकडून कोणाकडे गेला हे शोधायला न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. आणि त्या आयोगाचे बोट पुरवठा करणाऱ्यांपाशी थांबले नाही, ते रुग्णालयावर, औषध प्रशासनावर आणि मंत्र्यांवरही गेले.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याचे औषध पिऊन वीसहून अधिक मुले गेली. विष तेच. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत त्या औषधात ते ४८.६ टक्के निघाले. या वेळी बाटलीवर कारखान्याचे नाव होते, बॅचचा क्रमांक होता. कारखान्याचे दार गाठायला आयोग लागला नाही. एकोणचाळीस वर्षांत माग काढण्याची विद्या इतकी पुढे गेली. पण ती चालू झाली तेव्हा मुले औषध पिऊन चुकली होती.

मला वाटते, आपण दोन अगदी निराळ्या गोष्टींना ‘खूण’ हे एकच नाव देतो. एक असते दप्तर आणि दुसरी असते साक्ष. माझे रसायनशास्त्र मॅट्रिकपुरतेच; पण हा भेद मला पल्स पोलिओच्या बूथवर कळला. आम्हां शिक्षकांना तिथे बसवतात. लशीच्या कुपीवर एक जांभळे वर्तुळ असते, आणि त्याच्या आत एक फिकट चौकोन. कुपीला ऊब लागत जाते तसतसा तो चौकोन गडद होत जातो. वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. १९९६ पासून ही खूण पोलिओच्या लशीवर येऊ लागली. तिला वीज लागत नाही, फोन लागत नाही. मुख्य म्हणजे, तिला कोणी काही सांगून ठेवलेले नसते. कुपी जिथे जिथे तापली, तिथे तीही बरोबर तापलेली असते.

चौकटीचौकटींचा तो क्यूआर कोड मात्र ऐकीव सांगतो. कोणी तरी संगणकात ‘तपासले, शुद्ध’ असे भरले, की तेच तो शेवटच्या दुकानापर्यंत निष्ठेने सांगत जातो. खऱ्या डबीत खोटा माल भरला तर डबीला काय कळणार? १९८६ चे विष औषधाचे नाव लावून आले होते. त्या नावाखाली एखादा क्रमांक छापलेला असता, तर नर्सने तो वाचून मान डोलावली असती आणि पेला रोग्याच्या तोंडाला लावला असता. त्याच्याआधी कुठे तरी कोणी तरी नमुना काढून तपासायला हवा होता, आणि बिघडलेला निघाल्यावर ‘हा घेणार नाही’ असे म्हणायला हवे होते.

असे म्हणणे सोपे नसते. एकदा बूथवर सिस्टरनी चौकोन गडद झालेली कुपी बाजूला काढली. बाहेर उन्हात बायका पोरे घेऊन उभ्या. एक म्हणाली, “अहो सिस्टर, दोन थेंबांचा तर प्रश्न आहे, पाजून टाका की!” सिस्टर म्हणाल्या, “बाई, याच्यात आता लस नाही. नुसते थेंब आहेत.” दुसरा डबा यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात सिस्टरनी जे ऐकून घेतले, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

शहाडला राहून आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. माल खुणेसकट बाहेर पडतो, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. माल करताना जे उरते-सांडते, त्याला गिऱ्हाईक नाही. कायद्याने त्यालाही कूळ दिलेले आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्याच्या प्रत्येक खेपेबरोबर सात प्रतींचे पत्रक लागते, प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा. आणि अशा पत्रकाचा नियम त्याआधीही होता. तरी २०१४ साली उल्हासनगरात टँकरमधले रसायन वालधुनीत ओतले गेले, आणि काठावरच्या शेकडो माणसांना श्वास कोंडून, उलट्या होऊन दवाखान्यात न्यावे लागले. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून येणारी ही नदी. ते रसायन ज्या कोणत्या कारखान्यातून निघाले असेल, त्याच्या दुसऱ्या फाटकातून त्याच दिवशी खोकीही निघाली असतील, क्रमांक लावून, वाचून, पडताळून.

वालधुनीच्या काठची काही मुले माझ्या वर्गात आहेत. खोक्यावरचा कोड फोनने कसा वाचायचा, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले येते. नदीचे पाणी आज कसे आहे, हेही ती घरून निघताना पाहून येतात आणि हजेरीच्या आधीच सांगून टाकतात: “बाई, आज तांबूस होतं.” “नाही हो बाई, पुलाखाली निळं होतं.”