दुरुस्ती आणि जीर्णोद्धार

मराठीत ‘दुरुस्ती’, ‘डागडुजी’ आणि ‘जीर्णोद्धार’ हे शब्द एकमेकांच्या शेजारी नांदतात. परंतु त्यांच्यामागची नैतिक भूमिका एक नाही. घड्याळाची दुरुस्ती होते, छपराची डागडुजी होते, जीर्णोद्धार मात्र देवळाचा होतो. ‘यंत्राचा जीर्णोद्धार’ हा प्रयोग कानाला किंचित खटकतो, आणि तो का खटकतो हे पाहू लागले की प्रश्न केवळ भाषेचा राहत नाही.

जयपूरच्या तिलक नगरसारख्या वसाहतीत, घरामागच्या खोलीत, एखाद्या निवृत्त गृहस्थाने भंगारातून आणलेले जुने ड्रिल मशीन उभे केले आहे, अशी कल्पना करावी. बिडाची जड बैठक, उभा खांब, त्यावर वरखाली सरकणारे टेबल, माथ्यावर पायऱ्यापायऱ्यांची पुली. मोटरकडच्या पुलीच्या लहान पायरीवर पट्टा घेतला की गती मंदावते; पोलादात मोठे भोक पाडायचे तर ती मंदच हवी. गंज रॉकेलने आणि पॉलिश पेपरने निघतो. तेथे वादाला जागा नाही. स्पिंडलची बेअरिंग झिजली असेल तर गिरमिटाचे टोक डगमगते व भोक मापापेक्षा मोठे पडते. तेव्हा बेअरिंग नवी घालावी लागते. हीदेखील कोणी फसवणूक मानणार नाही.

अडचण येते ती टेबलापाशी. पूर्वीच्या कुणा कामगाराचे गिरमिट कामाच्या आरपार जाऊन टेबलात रुतलेले असते; एकदा नव्हे, अनेकदा. त्या अर्धचंद्राकृती खुणा भरून, घासून, वर रंग देऊन टेबल कोरे करता येते. करावे काय?

सगळे भाग बदलल्यावर वस्तू तीच राहते का, हा प्रश्न जुना आहे. मिलिंदाला नागसेनाने रथाचा दृष्टान्त दिला, प्लुटार्कने थीसियसच्या नौकेची कथा नोंदविली. हा विचार बुद्धीला सुखावतो. कारागिराला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: प्रामाणिक राहायचे ते कोणाशी? यंत्र घडविणाऱ्याशी, ते राबविणाऱ्याशी, की उद्या त्यावर हात ठेवणाऱ्याशी? रस्किनने 1849 साली वास्तूंच्या पुनरुद्धारालाच असत्य ठरविले. 1964 च्या व्हेनिस सनदेने मध्यममार्ग काढला: नवा भाग मूळ वास्तूशी सुसंगत असावा, पण नवा म्हणून ओळखूही यावा. मात्र दोघांच्याही नजरेसमोर पाहण्याच्या वस्तू होत्या. यंत्र पाहण्यासाठी नसते.

याच जयपुरात या दोहोंच्या सीमेवरचे उदाहरण उभे आहे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या जंतरमंतरातील सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच असून त्याच्या सावलीवरून सुमारे दोन सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते. पण ही अचूकता आज कोणाची? 1901 साली लेफ्टनंट गॅरेट यांच्या देखरेखीखाली वेधशाळेचा जीर्णोद्धार झाला. त्या कामात चंद्रधर शर्मा गुलेरी होते. ‘उसने कहा था’ या कथेचे लेखक म्हणून हिंदी वाचक त्यांना पुढे ओळखू लागला. अशा जीर्णोद्धारांत काही मोजपट्ट्या नव्याने आखल्या गेल्या. सावली जयसिंहाच्या भिंतीची आणि रेघ नंतरच्या हाताची, अशी ही भागीदारी आहे. रेघा पुसट ठेवल्या असत्या तर वास्तू अधिक ‘अस्सल’ राहिली असती, पण यंत्र मुके झाले असते. जीर्णोद्धारकांनी यंत्राची बाजू घेतली, हे योग्यच झाले; त्याची लेखी नोंद गॅरेट-गुलेरींनी 1902 च्या आपल्या ग्रंथात मागे ठेवली, हे अधिक महत्त्वाचे.

टेबलावरच्या खुणांना हीच कसोटी लावता येईल. खड्ड्याच्या काठाशी उंचवटा आला असेल तर काम नीट बसत नाही. तो कानशीने काढलाच पाहिजे. खड्डा मात्र कशाच्याही आड येत नाही. तो भरण्यामागे कामाची गरज नसते. एका अनाम माणसाची चूक आपल्या नीटनेटक्या खोलीत दिसू नये, एवढीच इच्छा असते. ज्याची चूक पुसायची त्याची संमती विचारण्याचा मार्ग उरलेला नसतो, हा मुद्दा अशा वेळी कोणी मनात आणत नाही. खंडेनवमीला हळदकुंकू वाहिले जाते ते झिजलेल्या मुठीवरच.

बेअरिंग बदलते, खांबाला वंगण मिळते, पट्टा नवा येतो. खुणा राहतात, आणि त्यांच्यावर लाकडी फळी ठेवूनच पुढचे भोक पाडले जाते.