लॉगलाइन वाचणाऱ्याचं काम

पटकथेचं सार एक-दोन वाक्यांत सांगणारी लॉगलाइन आता मराठी लेखकालाही लिहावीच लागते. पटकथा-कार्यशाळेचा अर्ज असो, गोव्यात इफ्फीच्या जोडीनं भरणाऱ्या फिल्म बाजारातली भेट असो, की एखाद्या ओटीटी कंपनीला पाठवायचा प्रस्ताव असो, पहिल्या पानावर तीच मागतात. आपल्याकडची जुनी रीत निर्मात्यासमोर बसून नॅरेशन द्यायची. ती अजून आहे, आणि तिच्यात लेखकाला समोरचा चेहरा दिसतो, गोष्ट कुठे निसटते आहे ते कळतं, त्याला सावरून घेता येतं. लॉगलाइन एकटीच जाते. म्हणून लेखक ती आधी मित्राला, सहलेखकाला, शिक्षकाला दाखवतो. या पहिल्या वाचणाऱ्यानं पाच मिनिटांत मारलेल्या शेऱ्यावरून वर्षभराची पटकथा उलटीपालटी झालेली मी पाहिली आहे. इतकं वजन असलेलं काम आपण फार सहज उरकतो.

अभिप्रायाचे नेहमीचे प्रश्न चार. गोष्ट कुणाची, त्याला काय हवंय, आड काय येतं, हरला तर काय जाईल? प्रश्न चांगले आहेत. ‘श्वास’ (2004) त्यांना सहज उत्तर देतो. कोकणातला आजोबा नातवाला पुण्याच्या डॉक्टरांकडे आणतो. मुलाला डोळ्यांचा कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. एवढं ऐकलं तरी पुरे. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) घ्या: खोली फक्त जोडप्यांनाच मिळणार, म्हणून चार मित्रांतले दोघे बायका बनतात. पुढचे प्रसंग ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपोआप उभे राहतात.

प्रत्यक्षात समोर येणारी लॉगलाइन बहुतेकदा अशी नसते. ‘एका शिक्षिकेच्या जिद्दीची हृदयस्पर्शी कहाणी’ अशा वळणाची असते. त्यावर शेरा ठरलेला: मोघम आहे, ठोस लिहा. शेरा खरा आहे, पण लेखकाच्या हाती काहीच लागत नाही. मोघमपणाची कारणं दोन असू शकतात. गोष्ट त्याला नीट माहीत आहे, पण समोरच्यावर छाप पाडायची म्हणून त्यानं विशेषणं रचली. किंवा गोष्ट त्यालाच अजून सापडलेली नाही. पहिल्याला वाक्य लिहायला मदत हवी. दुसऱ्याला वाक्य घासत बसण्यापासून सोडवून पटकथेकडे परत पाठवायला हवं. यातलं काय आहे, ते विचारल्याशिवाय कळत नाही.

समजा, विचारलं. शाळा कुठली? बीडकडची, जिल्हा परिषदेची, वस्तीवरची. अडचण काय? आईबाप ऊसतोडीला जातात, मुलं त्यांच्याबरोबर जातात, पट घसरतो, शाळा बंद व्हायची भीती आहे. मग बाई काय करतात? इथे लेखक जरा घुटमळतो आणि म्हणतो, गेलेल्या मुलांची हजेरी लावत राहतात. हे त्याच्या पटकथेत होतंच. नायिकेला डाग लागेल म्हणून त्यानं ते लॉगलाइनबाहेर ठेवलं होतं. पुढे काय होतं? आता तो भराभर सांगू लागतो, आणि वाक्य असं होतं: ऊसतोडीला गेलेल्या मुलांची खोटी हजेरी लावून शाळा चालू ठेवणाऱ्या शिक्षिकेचा एक विद्यार्थी फडातल्या अपघातात दगावतो, आणि हजेरीपटानुसार त्या वेळी तो तिच्या वर्गात बसलेला असतो. जिद्द आणि हृदयस्पर्शी हे दोन्ही शब्द गळून पडले. कुणी खोडले नाहीत, त्यांची गरजच राहिली नाही.

मुलाचं मरण लेखकाच्या पटकथेत असेल, तरच ते या वाक्यात यावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. ते वाचणाऱ्याला सुचलं असेल, तर त्यानं मनातच ठेवावं. नवखा लेखक भिडेखातर, आदरापोटी, किंवा निव्वळ थकव्यामुळे आयती कल्पना घेतो आणि मग त्याच्या पटकथेत एक परका प्रसंग येऊन बसतो, ज्याच्या आगेमागे काय घडलं ते त्याला माहीत नसतं. अशी पटकथा दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यात अडते आणि कशामुळे अडली ते त्याला उमगत नाही. प्रश्न विचारून मिळालेलं उत्तर मात्र त्याचं स्वतःचं असतं, त्यावर पुढचं काम उभं राहतं.

पण काही सिनेमे त्या चार प्रश्नांना दाद देत नाहीत. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) पाहा. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये आत्महत्या केली, असा आरोप, त्याचा खटला. गोष्ट कुणाची? कांबळे बराच वेळ पडद्यावर नसतातच. कॅमेरा बचावाच्या वकिलाबरोबर सुपरमार्केटात जातो, सरकारी वकीलबाईंबरोबर त्यांच्या स्वयंपाकघरात, आणि शेवटी न्यायाधीशांबरोबर सुट्टीतल्या सहलीला. कुणी हितचिंतकानं सुचवलं असतं, की बचावाच्या वकिलाला नायक करा, शेवटी त्याला जिंकू द्या, तर एक बरा कोर्टपट झाला असता. एका माणसाचं स्वातंत्र्य ज्यांच्या हातात आहे ती माणसं किती साधं, चारचौघांसारखं जगतात, हे दिसलं नसतं. त्यासाठीच तर तो सिनेमा आहे. व्हेनिसमधल्या दोन पुरस्कारांनंतर त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

‘सैराट’ (2016) एका वाक्यात सांगितला, तर वाचणारा म्हणेल, हे शंभरदा पाहिलंय. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची, किंवा हैदराबादेतल्या त्या लांबलचक उत्तरार्धात प्रेमाचं संसारात, नोकरीत, रुसव्या-भांडणात होत जाणारं रूपांतर वाक्यात मावत नाही. म्हणून निव्वळ लॉगलाइन वाचून ‘नावीन्य नाही’ हा शेरा कुणीही देऊ नये, असं मी म्हणेन.

हॉलिवूडच्या स्टुडिओंत पटकथा वाचायला माणसं नेमलेली असतात. ती पूर्ण पटकथा वाचून कव्हरेज नावाचा अहवाल लिहितात आणि त्यात लॉगलाइनही घालतात. तिथे हे वाक्य वाचणाऱ्याचं असतं, सगळं वाचून झाल्यावर लिहिलेलं. आपल्याकडच्या अर्जांत तेच वाक्य लेखकानं द्यायचं आहे, कुणी काही वाचायच्या आधी, आणि पुढचं वाचायचं की नाही हे त्यावरूनच ठरायचं आहे. वाचणाऱ्याची मेहनत अशी लेखकाच्या माथी गेली आहे. तिचा थोडा भाग तरी परत घेता येईल. कार्यशाळा भरवणाऱ्यांनी लॉगलाइनच्या जोडीला लेखकाच्या पसंतीचा एक प्रसंग, तीन-चार पानांचा, मागावा आणि दोन्ही वाचल्याशिवाय अर्ज बाजूला ठेवू नये. अर्जांचा ढीग मोठा असतो, हे मान्य. मग अर्ज कमी घ्यावेत किंवा वाचणारे वाढवावेत.