दार लागल्यावर

आषाढी वारीस श्रीनिवृत्तिनाथ महाराजांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नाशिकवरून आमच्या सिन्नराकडे येते, तेव्हा वाटेवरल्या गावांची दारे आपोआप उघडतात. कोणी तांब्याभर पाणी पुढे करतो, कोणी पिठलं-भाकरी. वारकऱ्याला दार ठोठवावे लागत नाही. पण धर्म सांगायला परमुलखात दारोदार हिंडावे आणि दार तोंडावर लागावे, अशा माणसाच्या मनाचे काय होत असेल?

अमेरिकेत १८३० साली निघालेला मॉर्मन नावाचा, स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारा एक पंथ आहे. त्यातली अठरा-वीस वर्षांची पोरे पदरच्या खर्चाने दोन वर्षे देशोदेशी जोडीने फिरतात. भाषा परकी, अन्न परके, सोबती आपल्या निवडीचा नाही, घरच्यांशी बोलणे आठवड्याला एकदा. दिवसभर पायपीट करून ‘नको बाबा’ एवढेच ऐकायचे आणि आठवड्याअखेर वरिष्ठांस आकडे कळवायचे!

हे दूरचे झाले. जवळचे ऐका. १८१३ साली गॉर्डन हॉल नावाचा अठ्ठावीस वर्षांचा अमेरिकन पाद्री मुंबईस उतरला. कंपनी सरकारने आधी ‘परत जा’ म्हणून हुकूम काढला. तो चिकाटीने राहिला, मराठी शिकला, बाजारात उभा राहून बोलू लागला. तेरा वर्षांत त्याच्या मंडळीस मिळालेले अनुयायी बोटांवर मोजण्याइतके. बायकोमुले मायदेशी गेलेली. १८२६ च्या मार्चात तो नाशिक-त्र्यंबकाकडे आला, तो पटकीची साथ चालू. जवळचे औषध त्याने आजाऱ्यांना वाटून टाकले. परतीच्या वाटेवर त्यालाच पटकी झाली आणि एका खेड्यात त्याने देह ठेवला.

त्याची शिकवण आम्हांस मान्य नाही. आमचे देव खोटे, असे म्हणणाऱ्याशी आमचे जमायचे कसे? पण श्रोते हो, त्याचे खरे कीर्तन कोणते? बाजारातले, की औषधाच्या बाटलीचे? बाजारात तो माणसे आपल्याकडे वळवू पाहत होता. साथीत मात्र त्याने कोणाला काही मागितले नाही, दिले तेवढेच. आम्हांस वाटते, त्या दिवशी तो हिशोबातून सुटला.

यावर कोणी विचारील, फळ पाहायचेच नाही, तर आपले सांगणे बरे की वाईट हे कळावे कशाने? शंका रास्त आहे. गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते, काम कसेही करायला सांगत नाही. आमच्या मते कसोटी दारापलीकडे नसून अलीकडे आहे. दार लागल्यावर राग आला, तर आपण देव सांगत नव्हतो, स्वतःला खपवीत होतो. आतल्या माणसाविषयी माया तशीच राहिली, तर सांगणे शुद्ध होते. कोणी ऐको वा न ऐको.

नामदेवराय पार पंजाबात गेले. घुमानास आजही त्यांचे स्थान आहे, शीखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांनी किती जणांच्या गळ्यात माळ घातली, याची खतावणी मात्र कोठे नाही. आपल्याकडे माळ मागून घ्यायची असते; गळी बांधायची नसते.

आता बोट स्वतःकडे वळवू. आम्ही कीर्तनास उभे राहिलो की नजर आधी मांडवावर जाते. मांडव भरलेला असला तर आवाज चढतो. समोर चार म्हातारी माणसे असली तर अभंग लवकर आटोपतो. हल्ली तर मोबाइलवर किती जणांनी पाहिले, तेही मोजतात, आणि बिदागी त्यावर ठरते. मग त्या पोरांच्या आकड्यांना हसायचे कोणत्या तोंडाने? त्यांचा हिशोब वरिष्ठ मागतात. आमचा तर आम्हीच ठेवतो.

म्हणून एवढेच ठरवावे. चार जणांपुढचे कीर्तन चार हजारांपुढच्याइतकेच मनापासून करावे. आणि परक्या धर्माचा थकलेला पोरगा दाराशी आला, तर त्याचा ग्रंथ घेऊ नये वाटल्यास; पण पाणी द्यावे, बसवावे. पांडुरंग विटेवर उभा आहे तो वाट पाहत, मोजणी करीत नव्हे.

॥ रामकृष्णहरि ॥