नायकत्वाची ठेव

महाविद्यालयातील अध्यापक राष्ट्रीय छात्रसेनेच्या पथकाचे नायकत्व पत्करतो, तेव्हा त्याच्या हाती नेमके काय येते? लोक म्हणतील, अधिकार. आम्हांस हे उत्तर अपुरे वाटते. १९४८ च्या ज्या कायद्याने ही सेना उभी राहिली, त्याने छात्रावर रणांगणी जाण्याचे बंधन घातले नाही. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ साली, हे शिक्षण सक्तीचे झाले. परंतु १९६८ साली ती सक्ती उठविण्यात आली. तेव्हापासून छात्र येतो तो आपखुशीने. मग ‘सावधान’ म्हणताच सारी रांग निश्चल होते, ती कोणाच्या बळावर? आमच्या मते हे आज्ञापालन म्हणजे मुलांनी नायकापाशी विश्वासाने ठेवलेली ठेव होय. जो आपल्या मोठेपणासाठी त्यांस उन्हात तिष्ठत ठेवतो, तो तिची अफरातफर करतो. आणि जो त्यांच्या नाराजीच्या भयाने चुकीस चूक म्हणत नाही, तोही ती बुडवितोच. या ठेवीस तारण एकच: मुलांस लावलेला नियम नायकाने स्वतः आधी पाळणे. तेवढी तयारी नसेल, तर ते पद नम्रपणे नाकारणे हेच प्रामाणिकपणाचे होय.